जुनी गाडी आपोआप रेस घेते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती ८००, ऑम्नी, झेन, सँट्रो, इंडिका, नाहीतर अजून जपून ठेवलेली पद्मिनी. या वयाच्या गाड्यांत पाय उचलल्यावरही रेस उतरत नसेल, तर लोक बहुधा ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देतात. तसं करू नका. हा दोष जीवावर बेतणारा आहे, आणि बहुतेक वेळा तो स्वस्तातल्या, उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या भागात असतो. कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, एवढं आधीच सांगतो.

चालत्या गाडीत रेस अडकली तर त्या क्षणी काय करायचं?

ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबूनच ठेवा. त्याच वेळी क्लच दाबून गिअर न्यूट्रलला काढा. ऑटोमॅटिक असेल तर ‘एन’वर आणा. इंजिन मोठ्याने ओरडेल, ओरडू द्या. इंजिन नंतर दुरुस्त होतं. गाडी कडेला थांबली की चावी बंद करा.

ब्रेक सोड-दाब करू नका. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम इंजिनकडून मिळतो, आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा असताना तो जवळपास मिळतच नाही. बूस्टरमध्ये आधीचा साठा असतो, तो दोन-तीन वेळा पाय मारला की संपतो. मग पेडल दगडासारखं कडक होतं आणि ‘ब्रेकच लागले नाहीत’ असं वाटतं.

धावत्या गाडीत चावी बंद करायची वेळ आलीच, तर एकच घर मागे फिरवा. चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. पेडल उचलायला खाली वाकू नका. रस्ता मोकळा असेल तर बुटाचं टोक पेडलखाली घालून वर उचलून बघता येतं, पण आधी ब्रेक आणि न्यूट्रल.

पूर्ण रेसमध्ये असलेली गाडी ब्रेकने थांबते का?

थांबते, जर ब्रेक धड असतील आणि पहिल्याच दाबात पूर्ण ताकद लावली असेल. अमेरिकेतल्या एका वाहन मासिकाने २००९ मध्ये व्ही-६ इंजिनाच्या कॅमरीवर ही चाचणी घेतली होती. ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटर वेगावरून गाडी एरवी १७४ फुटांत थांबत होती. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून १९० फुटांत थांबली. आपल्या ८०० सीसीच्या इंजिनात तर तेवढा दमही नसतो. पण अर्धवट ब्रेक दाबून गाडी ‘सांभाळत’ नेली, विशेषतः घाटाच्या उतारावर, तर ब्रेक तापतात आणि मग खरोखर पकड सोडतात. ज्या गाडीचे लायनर संपलेत तिला हा हिशेब लागू नाही.

दोष शोधायला सुरुवात कुठून करायची?

पेट्रोल इंजिनाचा वेग हवेवर ठरतो. जास्त हवा आत गेली की रेस वाढते. म्हणून सगळा शोध एका प्रश्नाभोवती फिरतो: ही जादा हवा कुठून येते आहे?

इंजिन बंद ठेवा, बॉनेट उघडा, कुणालातरी आत बसवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडायला सांगा. तुम्ही थ्रॉटल बॉडीवरच्या किंवा कार्बोरेटरवरच्या लिव्हरकडे बघा. पाय उचलताच तो टक् आवाज करून आपल्या स्टॉप स्क्रूवर (बंद जागी त्याला अडवणाऱ्या स्क्रूवर) येऊन टेकला पाहिजे.

पेडलच वर आलं नाही, तर दोष पायाशी किंवा केबलमध्ये. पेडल वर आलं पण लिव्हर टेकला नाही, तर दोष केबलच्या वरच्या टोकाशी, स्प्रिंगमध्ये किंवा थ्रॉटलच्या दांड्यात. लिव्हर नीट टेकला, तरी इंजिन चालू केल्यावर रेस चढलेलीच, तर हवा दुसऱ्या वाटेने शिरते आहे.

ही तपासणी इंजिन थंड असताना एकदा आणि गाडी चांगली तापल्यावर एकदा करा. काही थ्रॉटल फक्त गरम झाल्यावर अडकतात, आणि सकाळी गॅरेजमध्ये नेलेली गाडी शहाण्यासारखी वागते.

पेडल खालीच अडकतं. काय बघू?

आधी पायाखालची मॅट. जुन्या गाडीत मूळ कार्पेटवर रबरी मॅट, तिच्यावर पावसाळ्यात टाकलेलं पोतं नाहीतर वर्तमानपत्र, असे थर साचतात. हल्ली मिळणाऱ्या जाड मॅट छोट्या गाडीत पेडलच्या खालच्या कडेला टेकतात. सगळं काढून टाका आणि मग पेडल दाबून बघा. सीटखालून घरंगळत येणारी पाण्याची बाटली आणि पायातून अर्धवट निघालेली चप्पल ही दोन कारणं तितकीच खरी आहेत.

मॅटला क्षुल्लक समजू नका. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्सस ईएस ३५० चं पेडल दुसऱ्या मॉडेलच्या रबरी मॅटमध्ये अडकलं आणि गाडीतल्या चौघांचा जीव गेला. त्यानंतर टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या.

मॅट निर्दोष असेल तर पेडलची पिन बघा. तिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि ग्रीस मिळून चिकट लगदा झालेला असतो. कोकणात आणि किनारपट्टीवर राहिलेल्या गाड्यांत पिन गंजलेलीही सापडते.

केबल खराब आहे हे कसं ओळखायचं?

वरच्या टोकाला लिव्हरमधून केबल सोडवा. आतली तार बोटांत धरून सावकाश मागे-पुढे ओढा. चांगली केबल लोण्यासारखी सरकते. वाळू घासल्यासारखं वाटलं, मध्येच एका जागी थबकली, किंवा सोडल्यावर परत जाताना आळसावली, तर ती गेली.

मग दोन्ही टोकं उजेडात धरून बघा. केबल कधी एकदम तुटत नाही. आधी एकेक धागा तुटतो, तो केसासारखा बाहेर येतो आणि आवरणाच्या तोंडाशी अडकतो. पाय दाबताना तार पुढे जाते, परतताना तो धागा आडवा येतो. हीच ती ‘कधीतरीच अडकणारी’ रेस, जी गॅरेजमध्ये दाखवायला गेलं की होत नाही. पेडलच्या बाजूचं टोक डॅशबोर्डखाली असल्यामुळे कुणी बघत नाही; टॉर्च घेऊन तुम्ही बघा.

केबलचा मार्गही तपासा. बॅटरी बदलताना किंवा गॅस किट बसवताना ती कुठल्यातरी पाइपमागून ओढली जाते आणि तिला तीव्र वळण पडतं. केबलमध्ये तेल सोडून दोन महिने ढकलता येतात, पण धागा तुटला असेल तर तेलाने काही होत नाही. जुन्या छोट्या गाडीची केबल काही शे रुपयांत मिळते. बदलून टाका.

पेडल वर येतं, केबल मोकळी आहे, तरी लिव्हर पूर्ण मागे जात नाही.

केबल सोडवून लिव्हर हाताने फिरवा. आता जे जाणवेल ते फक्त थ्रॉटलचं असेल.

स्प्रिंग सैल पडली असेल तर लिव्हर परत येतो पण शेवटचा थोडा प्रवास आळसटपणे करतो. तिथे सायकलच्या ट्यूबचा रबर किंवा बाजारातली भलतीच स्प्रिंग बांधलेल्या गाड्या दिसतात. रबर इंजिनाच्या उष्णतेने काही आठवड्यांत तुटतो, आणि फार कडक स्प्रिंग केबलचं आयुष्य खाते. त्या मॉडेलचीच स्प्रिंग बसवा.

कार्बोरेटरमध्ये दांडा त्याच्या भोकात झिजतो. मग फुलपाखरू (थ्रॉटलची गोल पट्टी) तिरकं बसतं आणि भिंतीला घासून थांबतं. दांडा धरून हलवला की खेळ बोटाला कळतो. त्याच फटीतून हवाही आत जाते. चोक असलेल्या गाडीत चोकचं बटण पूर्ण आत गेलंय का, आणि त्याच्याशी जोडलेला फास्ट आयडलचा पायरीदार कॅम मागे फिरलाय का, हेही बघा. कॅम अडकला तर इंजिन तापल्यावरही थंडीतली रेस धरून ठेवतं.

एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटर पेट्रोल फवारतो अशा) गाड्यांत क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागातून, येणाऱ्या तेलाच्या वाफेचा काळा चिकट थर फुलपाखराच्या कडेला साचतो. त्याचं लक्षण ओळखण्यासारखं आहे: पेडल सुरुवातीला चिकटल्यासारखं वाटतं, थोडा जोर दिला की सुटतं आणि गाडी उडी मारते. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला ठोकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापड वापरून पुसा. स्क्रूड्रायव्हरने किंवा सॅंडपेपरने खरवडू नका, काही थ्रॉटल बॉडींना आतून कोटिंग असतं आणि ते गेलं की फुलपाखरू पुन्हा नीट बंद होत नाही.

थ्रॉटल पूर्ण बंद आहे, तरी न्यूट्रलला रेस दीड-दोन हजारांवर. हवा कुठून येते?

तापलेल्या पेट्रोल इंजिनाचं आयडलिंग (पेडलला पाय न लावता असणारी रेस) साधारण ७५० ते ९०० आरपीएमच्या आसपास असावं. दुप्पट असेल तर पुढची चाचणी करून घ्या. मेकॅनिक हजर असेल तेव्हाच, आणि सैल कपडे, ओढणी, साखळी इंजिनापासून लांब ठेवून.

एअर फिल्टरची नळी थ्रॉटल बॉडीपासून सोडवा. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरकडून त्या नळीला येणारी ब्रीदरची (तेलाची वाफ नेणारी) छोटी पाइप बुजवा. आता आयडलिंगवर चालणाऱ्या इंजिनाच्या थ्रॉटलचं तोंड सपाट लाकडी फळीने क्षणभर बंद करा. इंजिन लगेच गुदमरून बंद पडलं, तर सगळी हवा समोरच्या दारानेच येत होती. म्हणजे दोष आयडल कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत), थंड इंजिनासाठीच्या मेणाच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा स्टॉप स्क्रूच्या सेटिंगमध्ये. बंद न पडता चालत राहिलं, तर हवा थ्रॉटलच्या पलीकडून चोरवाटेने शिरते आहे.

चोरवाटा शोधायला व्हॅक्यूमच्या नळ्या एकेक करून चिमट्याने, मध्ये कापड ठेवून, दाबा. जी दाबल्यावर रेस उतरते तिच्या टोकाला गळती. ब्रेक बूस्टरची नळी दाबल्यावर रेस उतरली तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो, म्हणजे ब्रेकचाही प्रश्न आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसची वाफ परत इंजिनात सोडणारा), मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांची) गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंगा याही याच यादीतल्या. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर बसतात आणि नळ्या कुरतडतात, तेही बघा. काही जण गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे मारतात. आग लागते. साबणाचं पाणी किंवा धुराची चाचणी पुरेशी आहे.

एक फरक ध्यानात ठेवा. कार्बोरेटरच्या गाडीत अशी गळती झाली की मिश्रण पातळ होऊन इंजिन बहुधा खडखडतं, बंद पडतं. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या एमपीएफआय गाडीत मात्र कॉम्प्युटर जादा हवेला जादा पेट्रोल देतो, आणि रेस सुबकपणे वाढून बसते. आवाज इतका सरळ असतो की गळतीचा संशयच येत नाही.

रेस खाली-वर, खाली-वर होत राहते. हे काय?

बहुतेकदा वरच्याच गळतीचं पुढचं रूप. थ्रॉटल बंद आणि आरपीएम जास्त दिसले की कॉम्प्युटर समजतो, गाडी उतारावर आहे, आणि पेट्रोल तोडतो. रेस पडते, तो पुन्हा पेट्रोल देतो, रेस पुन्हा चढते.

कूलंटचा रेसशी काय संबंध?

थेट. इंजिन थंड आहे असं वाटलं की गाडी मुद्दाम जास्त रेस ठेवते. कूलंट कमी झालं किंवा लाइनमध्ये हवा अडकली, की मेणाच्या व्हॉल्व्हपर्यंत गरम पाणी पोचत नाही आणि तो उघडाच राहतो. तापमानाचा सेन्सर बिघडून ‘थंड’ सांगत राहिला तरी तेच. मायलेज घसरलं, प्लग काळे पडले आणि रेस चढली, हे तिन्ही एकत्र दिसले तर आधी सेन्सर तपासा. रेडिएटर गरम असताना झाकण उघडू नका.

सकाळी, किंवा एसी लावला की रेस वाढते. हाही दोष आहे का?

नाही. थंड इंजिन बाराशे-पंधराशेवर चालून काही मिनिटांत खाली येतं. एसीचा कॉम्प्रेसर लागला की आयडल-अप थोडी रेस वाढवतो, म्हणून पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर गाडी स्वतःहून सरकते. तापल्यावरही रेस उतरली नाही, किंवा एसी बंद करूनही चढलेली राहिली, तर आयडल-अपचा डायफ्रॅम किंवा व्हॉल्व्ह अडकलाय.

मेकॅनिकने स्क्रू फिरवून रेस कमी करून दिली. झालं ना काम?

नाही, आणि याबद्दल माझं मत ठाम आहे. त्याने आकडा दुरुस्त केला, दोष जागच्या जागी आहे. गळती वाढली की रेस पुन्हा चढेल. नळी योगायोगाने नीट बसली तर गाडी सिग्नलला बंद पडेल, आणि मग दुसरा मेकॅनिक स्क्रू उलटा फिरवेल. एमपीएफआय गाडीचा स्टॉप स्क्रू कारखान्यात सील केलेला असतो, त्याच्यावर थ्रॉटल सेन्सरचा शून्य ठरतो. तो हलवला की कॉम्प्युटरला थ्रॉटल बंद आहे हेच कळेनासं होतं आणि एका दोषाचे दोन होतात. ‘साहेब, ट्यूनिंग केलं’ या उत्तरावर पैसे देऊ नका. कुठला भाग खराब होता ते विचारा, काढलेला भाग हातात मागा.

क्लच सोडताना गाडी झटके देत पुढे पळते. केबल, थ्रॉटल सगळं ठीक आहे.

इंजिनाचे माउंटिंग (इंजिन बॉडीला धरून ठेवणारे रबरी आधार) बघा. रबर फाटलं असेल तर भार आल्यावर इंजिन एका बाजूला कलतं. केबलचं एक टोक इंजिनावर, दुसरं बॉडीवर. इंजिन कललं की केबल ताणली जाते, थ्रॉटल उघडतो, ताकद वाढते, इंजिन आणखी कलतं.

हे कारण फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलेलं आहे. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख शेव्हरले गाड्या याच दोषासाठी परत बोलावल्या: माउंटिंग तुटून इंजिन उचललं जायचं आणि थ्रॉटल ओढला जायचा.

तपासायला हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून ठेवा, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडा आणि लगेच दाबा. बाजूला, गाडीच्या समोर नव्हे, उभा असलेला माणूस इंजिन किती हलतं ते बघेल. किंचित हलणं ठीक. इंजिन दोन-चार इंच झोका खात असेल तर माउंटिंग बदला.

रेस वाढते, पण गाडी तेवढी पळत नाही.

क्लच प्लेट घसरते आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये हे स्पष्ट दिसतं, जळका वासही येतो. विषय वेगळा, दुरुस्ती वेगळी.

सीएनजी किट असलेल्या गाडीत कसं शोधायचं?

तुमच्याकडे एक फुकटची चाचणी आहे. दोष पेट्रोलवर असताना होतो, गॅसवर असताना होतो, की दोन्हीवर? दोन्हीवर होत असेल तर थ्रॉटल, केबल आणि हवेच्या गळतीकडे चला. फक्त गॅसवर होत असेल तर किटचं सेटिंग बघायला किटवाल्याकडे जा. किट बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून टोचलेल्या नळ्या आणि केबलवर टेकलेला गॅसचा पाइप या दोन जागा आधी दाखवून घ्या.

डिझेल गाडीला हेच सगळं लागू आहे का?

नाही. डिझेलचा वेग हवेवर नाही, इंधनावर ठरतो. जुन्या पंपाच्या गाड्यांत केबल पंपाच्या लिव्हरला जाते, तेव्हा केबल, स्प्रिंग आणि लिव्हर तसेच तपासा. पुढे पंपातला गव्हर्नर (इंजिनाचा वेग काबूत ठेवणारा भाग), जो पंपवाल्यानेच उघडावा.

पण डिझेलमध्ये एक वेगळाच भयंकर प्रकार होतो. टर्बोचं सील गेलं, किंवा इंजिन ऑइल प्रमाणाबाहेर भरलं, की ते ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन त्याच्यावरच पेट घेऊन पळत सुटतं. मागून पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट येतात. चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, कारण आता त्याला डिझेल लागतच नाही. अशा वेळी न्यूट्रल करू नका, भार निघाला की ते आणखी सुसाट होतं. ब्रेक पूर्ण दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडा. जमलं नाही तर सगळ्यांना उतरवून लांब न्या. हवेच्या तोंडावर हात किंवा फडकं धरू नका, ते आत ओढलं जातं.

ऑइलची पट्टी वरच्या खुणेच्या वर असेल, किंवा टर्बोपुढच्या पाइपात ओलसर ऑइल साचत असेल, तर ही पूर्वसूचना समजा.

स्कॅनर लावला की दोष कळेल ना?

सेन्सरचा असेल तर मदत होईल. थ्रॉटल सेन्सर पेडल सोडल्यावर साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर चार-साडेचार व्होल्ट दाखवतो. मध्ये कुठे आकडा उडी मारत असेल तर तो झिजलाय. पण अडकलेली केबल, मॅट आणि तुटलेलं माउंटिंग स्कॅनरला दिसत नाही. शिवाय २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत बाजारातला साधा रीडर बोलतच नाही.

केबल नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत पेडलला दोन सेन्सर असतात. दोघांचं जमलं नाही की कॉम्प्युटर ताकद कमी करतो. अमेरिकेत टोयोटाच्या तक्रारींनंतर नासाच्या अभियंत्यांनी हा भाग तपासला आणि २०११ च्या अहवालात मोठी रेस आपोआप लागेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. म्हणून अशा गाडीतही आधी मॅट आणि पेडल बघा.

चुकीच्या पेडलवर पाय पडला असेल, असं म्हणतात. वडिलांना हे कसं विचारायचं?

आदराने, पण विचारा जरूर. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० बद्दल असंख्य तक्रारी आल्या. तिथल्या वाहन सुरक्षा विभागाने १९८९ मध्ये निष्कर्ष काढला की बहुतेक प्रसंगांत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला होता. चालवणारे खोटं बोलत नव्हते. आपण ब्रेकच दाबतोय अशी त्यांची खात्री होती, म्हणून गाडी पळाली तसा त्यांनी पाय आणखी दाबला.

‘ब्रेक दाबला, गाडी थांबलीच नाही आणि आवाज वाढत गेला’ असं वर्णन असेल, घटना पार्किंगमध्ये गाडी सुरू केल्याकेल्या घडली असेल, तर ही शक्यता मोठी आहे. तरीही आधी गाडी पूर्ण तपासून घ्या. गाडीत दोष असताना म्हाताऱ्या माणसावर ठपका ठेवणं हा अन्याय होईल, आणि गाडीही तशीच धोकादायक राहील.

मेकॅनिकला काय सांगायचं?

गाडी चालवत नेऊ नका, त्याला घरी बोलवा किंवा ओढून न्या. इंजिन थंड होतं की गरम, एसी चालू होता का, पेडल पायाला वर आल्याचं जाणवलं का, क्लच दाबल्यावर आवाज चढला की उतरला, आणि त्याआधीच्या महिन्यात गाडीचं काय काम झालं होतं, एवढं सांगा. शेवटचा मुद्दा लोक विसरतात, आणि बऱ्याचदा दोष त्याच कामात सापडतो.

दुरुस्तीनंतर गाडी ठीक झाली हे कसं तपासायचं?

आधी उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, पेडल वीसेक वेळा वेगवेगळ्या खोलीपर्यंत दाबून सोडा. लिव्हर दर वेळी स्टॉपवर टेकला पाहिजे. एमपीएफआय गाडीची बॅटरी काढली असेल तर इंजिन सुरू करून, एसी बंद ठेवून, पंखा लागेपर्यंत तसंच चालू द्या, म्हणजे कॉम्प्युटर आयडलिंग पुन्हा शिकतो. मग मोकळ्या मैदानात किंवा पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबून एकदम सोडा आणि रेस लगेच उतरते का बघा. अर्धा तास चालवून गाडी पूर्ण तापल्यावर, एसी लावून आणि एसी बंद करून, हेच पुन्हा करा. स्टॉप स्क्रूच्या जागेवर पेनने खूण करून ठेवा. पुढच्या सर्व्हिसिंगनंतर ती खूण सरकलेली दिसली, तर स्क्रू कुणी आणि का फिरवला ते गाडी ताब्यात घेण्याआधी विचारा.